पंडिता रमाबाई : धर्मग्रंथाचा अर्थ आणि वाचणारीचा अधिकार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्मरण मुख्यत्वे स्त्रीसुधारणेच्या संदर्भात केले जाते. त्यांच्या बायबल-भाषांतराचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे. वस्तुतः धर्मग्रंथ कोणी वाचावा आणि त्याचा अर्थ कोणी ठरवावा, हा प्रश्न त्यांच्या सबंध आयुष्याला व्यापून राहिला होता. त्या भाषांतरात त्याची परिणती झालेली दिसते.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी कन्येला. रमाबाईंना पुराणे मुखोद्गत झाली. वेद मात्र स्त्रियांना निषिद्ध, ही मर्यादा या घरानेही पाळली. दुष्काळात मातापितरांचा अंत झाला. भावासह भ्रमंती करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचलेल्या रमाबाईंना तेथे पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. वेदाध्ययनाची प्रेरणाही त्यांना तेथेच, केशवचंद्र सेन यांच्याकडून मिळाली.

१८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि एक निर्बंध झुगारून आलेल्या या विदुषीने दुसरा निमूटपणे स्वीकारला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्यासारख्या सिद्धान्ताला शास्त्रवचनाचा आधार कोणता, अशी पृच्छा त्या करतात. बायबलचे प्रामाण्य आणि चर्चने लावलेल्या अर्थाचे प्रामाण्य यांत त्यांनी स्पष्ट भेद केला.

पुढे केडगावच्या मुक्ति-सदनात, हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, त्यांनी संपूर्ण बायबलच्या भाषांतराचे काम हाती घेतले. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या पंडितेने तत्समप्रचुर शैली जाणीवपूर्वक टाळली. प्रचलित भाषांतरांतील संस्कृत संज्ञांबरोबर वेदान्ताचे अर्थही शिरतात आणि अल्पशिक्षित स्त्रीला ग्रंथ दुर्बोध होतो, अशी त्यांची धारणा होती. या ग्रंथाच्या खिळेजुळणीचे व छपाईचे कामही आश्रमातील स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कार्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. मूळ संहितेशी निष्ठा राखताना वाक्यरचना ठिकठिकाणी अवघडली आहे, आणि ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. जर्मन विद्यापीठांतून पुढे आलेल्या ऐतिहासिक चिकित्सेने संहिता कोणी व केव्हा रचली, याचा शोध घेतला. उत्तरायुष्यातील रमाबाईंना ग्रंथाचे ईश्वरी प्रामाण्य मान्य होते. त्यांचे लक्ष संहितेच्या उगमापेक्षा तिच्या वाचकावर केंद्रित होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रीवादी व उत्तर-वसाहतवादी समीक्षेने हाच वाचक विचारात घेतला. आर. एस. सुगीर्थराजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी रमाबाईंची दखल घेतली, ती याच भूमिकेतून. त्यांनी योजिलेले प्रतिशब्द बायबल सोसायटीच्या आवृत्त्यांशी ताडून पाहिल्यास, शब्दनिवडीतून अर्थनिर्णय कसा घडतो याचा एक महत्त्वाचा पुरावा मराठीच्या अभ्यासकाला हाती लागेल.