देवळालीचे कापरेकर मास्तर

मैत्रिणींनो, परीक्षेचे दिवस आले की घरोघरी तेच चित्र दिसते. मुले वहीत डोके खुपसून बसलेली आणि आई दुधाचा पेला घेऊन मागे उभी! आमच्या सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेतही सध्या तीच धांदल आहे. तिथे येणाऱ्या एका मुलीचा दहावीला कॉम्प्युटर विषय आहे. आई विड्या वळते. घरी कॉम्प्युटर नाही आणि शाळेत आठवड्यातून जेमतेम एक तास हात लावायला मिळतो.

परवा ती उजळणी करताना रडवेली झाली होती. सगळे प्रोग्रॅम तोंडपाठ, पण मी वहीतली संख्या बदलून विचारले की गाडी अडायची. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांचाच हा विषय, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. वही पाहिली तर प्रोग्रॅमचे नाव होते 'कापरेकर नंबर'. एवढे अस्सल मराठी आडनाव, पण हे कापरेकर कोण, हे काही तिला ठाऊक नव्हते. मग पुस्तक बाजूला ठेवून मी तिला मास्तरांची गोष्ट सांगितली.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात सदैव आकडेमोड. तीच गोडी मुलाला लागली. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनला. तिथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस त्यांनी मिळवले. बी.एस्सी. झाल्यावर पुढचे शिक्षण काही झाले नाही. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळामास्तर झाले आणि १९६२ पर्यंत मास्तरच राहिले.

पण वर्गाबाहेर त्यांचे एकच वेड, संख्यांशी खेळणे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने भागली जाते, तिला त्यांनी नाव दिले हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आपल्या सोलापूरच्या मुख्य पोस्टाचा पिनकोड घ्या, ४१३००१. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भागा, बाकी शून्य. आपला पिनकोडही हर्षदच की! डोंबिवली स्टेशनावर गाडी बदलताना सुचलेल्या संख्यांना तर त्यांनी स्टेशनाच्याच नावावरून 'डेम्लो' म्हटले.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध १९४६ चा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. मध्ये शून्य आले तर ते सोडायचे नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि मग तिथेच राहता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. पण आपल्याकडच्या कित्येक गणितींना हा पोरखेळ वाटला. मास्तर खचले नाहीत. छोट्या पुस्तिका स्वतःच छापत राहिले, कॉलेजांत जाऊन व्याख्याने देत राहिले.

१९६६ साली पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून उतारवयात गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि सत्तरीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते गेले. आज शाळेतली मुले कॉम्प्युटरवर ज्या संख्या तपासायचे प्रोग्रॅम लिहितात, त्या या मास्तरांनी कागद-पेन्सिलीने शोधल्या होत्या. त्यांच्या घरी तरी कुठे कॉम्प्युटर होता?

गोष्ट संपेस्तोवर मुलीची आई तिला न्यायला आली होती. चौथी शिकलेली, पण विड्यांचे कट्टे मोजण्यात आणि मजुरीचा हिशेब करण्यात पक्की. मी म्हटले, आता आईच तुझा कॉम्प्युटर. तू फक्त एकेक पायरी सांगायची, ती करील. संख्या घेतली मास्तरांच्या जन्मसालाची, १९०५. मुलगी सांगत गेली, आई वजाबाकी करत गेली. ९५१० वजा ०१५९, आले ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४! दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. आमच्या सात रस्त्यावर सात पायऱ्याच लागाव्यात, याची मलाही गंमत वाटली.

पहिल्या वेळी तिने आईला शून्य सोडू नको हे सांगितलेच नव्हते, म्हणून आई अडली होती. मुलीच्या तेव्हाच लक्षात आले, प्रोग्रॅम म्हणजे पाठ करायची कविता नाही. दुसऱ्याला एकही पायरी न गाळता सांगता येणे, एवढेच तर ते आहे. दुसऱ्या दिवशी तिने हर्षद नंबरचा प्रोग्रॅम वही न उघडता लिहिला. एक चूक झाली, ती तिची तिनेच शोधली. पेपर अजून व्हायचा आहे. मार्क किती पडतील कोण जाणे, पण विषय आपला नाही, हे काही ती आता म्हणत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांचा कॉम्प्युटर आपल्याला कळत नाही म्हणून लांब बसू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि त्यांना म्हणा, सांग बघू एकेक पायरी. आपल्याला समजेल असे त्यांना सांगता आले, की उजळणी झालीच म्हणायची! आणि हो, आज दुपारी जरा उसंत मिळाली तर तुमच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घेऊन बघा.