मिलवॉकीचे कॅप्टन पाब्स्ट

बडोद्याच्या माणसाने बिअरच्या कारखानदाराचे चरित्र लिहायला घ्यावे, हा प्रकार काही वाचकांना जरा विपरीतच वाटेल. १९४९ साली आमचे संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, त्याच साली दारूबंदीचा कायदा आला, आणि पुढे गुजरात राज्य निराळे झाले तरी त्या कायद्याने आमची सोबत सोडली नाही. त्यातून आमचे घर कायद्याच्याही आधीपासून कोरडे. आजोबांच्या कपाटात पंडिता रमाबाईंचे १८८९ साली निघालेले अमेरिकेचे प्रवासवृत्त होते. रमाबाई १८८६ ते १८८८ पर्यंत त्या देशात हिंडल्या. फ्रान्सिस विलार्ड या विदुषीशी आणि तिच्या मद्यनिषेधक स्त्री-संघाशी त्यांचा घरोबा जमला, आणि त्या संघाविषयी त्यांनी मोठ्या आदराने लिहिले. अमेरिकेतील दारूचा प्रश्न मला प्रथम ठाऊक झाला तो असा, एकाच पक्षाकडून. ज्यांच्याशी या स्त्रिया झगडत होत्या ते लोक कोण, कोठले, याची चौकशी करण्याची बुद्धी मला उतारवयात झाली.

निमित्त घडले ते भाचीचे. ती मिलवॉकीस राहते. तिने एका संध्याकाळी मला तेथल्या एका जुन्या नाटकगृहापुढे नेऊन उभे केले. दरवाजावर नाव होते पाब्स्ट. हा कोणी नाटककार असेल, नट असेल, म्हणून मी विचारले, तर कळले की गृहस्थ बिअर गाळणारे! नाटकगृहाला गाळपवाल्याचे नाव, हे ऐकून संगीत नाटकांवर पोसलेल्या आमच्या गावच्या माणसाला राहवेल कसे?

फ्रेडरिक पाब्स्ट यांचा जन्म २८ मार्च १८३६ रोजी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, निकोलाउसरीत नावाच्या खेड्यात झाला. १८४८ साली आईबापांनी मुलाला घेऊन अमेरिका गाठली. प्रथम ही मंडळी मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकीस उतरली, आणि लवकरच दक्षिणेस शिकागोला गेली. पुढच्याच वर्षी तेथे पटकीची साथ आली आणि तीत आई गेली. तेरा वर्षांचा पोर हॉटेलात बशा धुऊ लागला, मग वाढपी झाला. तेथून तो सरोवरावर चालणाऱ्या आगबोटींवर हरकाम्या म्हणून लागला, आणि एकविशीच्या सुमारास बोटीचा कप्तान झाला. पुढे पाण्याशी संबंध सुटला, कोट्यवधींची उलाढाल हाती आली, तरी गावाने त्यांना मरेपर्यंत कॅप्टन याच नावाने ओळखले.

या बोटींवरून मिलवॉकीचे एक व्यापारी ये-जा करीत. त्यांचे नाव फिलिप बेस्ट. फिलिप यांचे वडील जेकब बेस्ट यांनी मुलांना हाताशी धरून १८४४ साली चेस्टनट स्ट्रीटच्या टेकडीवर बिअरचा लहानसा कारखाना काढला होता. हे घराणे ऱ्हाइन नदीकाठच्या मेटेनहाइम गावचे, आणि धंदाही तिकडूनच चालत आलेला. तरुण कप्तान बेस्ट यांच्या नजरेत भरला. १८६२ च्या मार्चमध्ये त्यांची मुलगी मरिया हिच्याशी त्याचे लग्न झाले.

जावई तरीही बोटीवरच होता. १८६३ च्या डिसेंबरात सरोवरावर मोठे वादळ उठले. कप्तानाची सीबर्ड ही बोट मिलवॉकीच्या वाटेवर होती. उतारूंचे जीव वाचावेत म्हणून पाब्स्ट यांनी शहराच्या उत्तरेस व्हाइटफिश बे येथे ती काठावर चढवली. माणसे वाचली, बोटीचे मात्र फार नुकसान झाले, आणि तिच्याबरोबर कप्तानाचे दर्यावर्दी आयुष्यही संपले. १८६४ साली ते सासऱ्याच्या कारखान्यात निम्म्याचे भागीदार झाले. दोनच वर्षांनी सासरे निवृत्त झाले, आणि उरलेला निम्मा वाटा दुसरे जावई एमिल शांडाइन यांनी घेतला. ती सीबर्ड दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात गेली होती. १८६८ च्या एप्रिलमध्ये ती भर सरोवरात जळाली. बोटीवरच्या माणसांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच जगली.

या कारखान्यात निघे ती लागर बिअर. लागर या जर्मन शब्दाचा अर्थ कोठार. इंग्रजांची एल ही बिअर उबेत आंबते, तिचे यीस्ट फेस होऊन वर येते, आणि थोड्या आठवड्यांत माल तयार होतो. बव्हेरियातील लागरचे तंत्र याहून निराळे. मोड आणलेल्या जवाचा काढा हॉप्सच्या फुलांबरोबर उकळून तो गारव्यात आंबवायचा. तिचे यीस्ट तळाशी बसून सावकाश काम करते. मग ती बिअर गोठणबिंदूच्या जवळपास थंड असलेल्या तळघरात पिंपांतून कित्येक महिने कोठारात ठेवायची, तेव्हा ती निवळते. म्हणजे या धंद्याचे खरे भांडवल थंडी. ती मिलवॉकीला देवाने भरपूर दिलेली. हिवाळ्यात नदी आणि आसपासची तळी गोठली की माणसे करवतींनी बर्फाच्या लाद्या कापून कोठारे भरीत, आणि टेकडीच्या पोटात खोदलेली तळघरे त्या बर्फावर उन्हाळाभर गार राहत. यंत्राने थंडी निर्माण करण्याची सोय झाली ती पुढे १८८० च्या आगेमागे. जव आणि हॉप्स विस्कॉन्सिनच्या शेतांतच पिकत, आणि माल वाहायला दाराशी सरोवर. पिणारे मात्र गावात पुरेसे नव्हते. म्हणून माल बाहेर धाडणे भाग पडले, आणि यातच मिलवॉकीचे भाग्य उघडले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळाले, तेथले बिअरचे कारखानेही जळाले, आणि ती तहान मिलवॉकीने भागवली. शेजारचे घर जळाल्यावर आपली चूल पेटावी, हा व्यापारातला जुनाच न्याय!

पाब्स्ट हाती आले तेव्हा कारखान्यातून वर्षाला पाच हजार पिंपेसुद्धा निघत नव्हती. दहा वर्षांत आकडा लाखाच्या घरात गेला, आणि १८९३ च्या सुमारास वर्षाला दहा लाख पिंपांपुढे. एवढा माल विकणारा अमेरिकेतील हा पहिला कारखाना. १८८८ साली शांडाइन वारले, आणि पुढच्या वर्षापासून पाटीवर पाब्स्ट हे एकच नाव राहिले. अबकारी कायद्यापायी एक गंमत चाले. बिअर जेथे तयार होई तेथे ती बाटलीत भरण्याची मुभा नव्हती. आधी पिंपात भरायची, पिंपावर कराचा शिक्का घ्यायचा, रस्ता ओलांडून दुसऱ्या इमारतीत न्यायची, आणि तेथे पिंप रिकामे करून बाटल्या भरायच्या. कॅप्टननी वॉशिंग्टनपर्यंत खटपट करून १८९० साली हा नियम बदलून घेतला, आणि रस्त्याखालून नळ टाकून बिअर थेट बाटल्यांपर्यंत नेली.

निळ्या फितीची कथा याहून प्रसिद्ध. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले त्याच प्रदर्शनात, पाब्स्ट यांनी आपल्या कारखान्याची सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृती मांडली होती. श्रेष्ठ बिअर कोणाची यावरून त्यांचा आणि सेंट लुईचे अडॉल्फस बुश यांचा तंटा जुंपला तो महिनोन्‌महिने चालला. तेथे पाब्स्टना निळी फीत मिळाली असे अजून पुष्कळ लोक सांगतात. वस्तुतः त्या प्रदर्शनात पदके होती, पहिल्या नंबराची फीत नव्हतीच. निळी रेशमी फीत बाटलीच्या गळ्यात हाताने बांधण्याची चाल कारखान्याची स्वतःची, १८८२ पासूनची. लोकांनी मागून पराक्रमाची कथा तिला जोडून दिली.

आता ज्या प्रश्नाने मी हे चरित्र वाचायला घेतले त्याकडे येतो. जर्मनांच्या घरी बिअर ही भाकरीच्या पंगतीतली वस्तू. रविवारी बायकामुलांसह बागेत जावे, बँड ऐकावा, पेला समोर असावा, यात त्यांना काही वावगे दिसत नसे. न्यू इंग्लंडकडून आलेल्या त्यांच्या शेजाऱ्यांना यात पवित्र वाराचा भंग दिसे. विलार्डबाई स्वतः विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या, आणि १८५७ साली काही काळ मिलवॉकीच्याच स्त्रियांच्या कॉलेजात शिकलेल्या. म्हणजे दोन्ही पक्षांनी एकमेकांना जवळून पाहिलेले होते. बागेपुरता मी जर्मनांना दोष देणार नाही. पण कारखान्यांना दहा लाख पिंपे खपवायची ती बागांतून थोडीच खपणार? त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर गुत्ते निघाले. जागा कारखान्याची, सामान कारखान्याचे, आणि गुत्तेवाल्याने त्याच कारखान्याचा माल विकायचा. आठवड्याचा पगार तेथे ठेवून रिकाम्या खिशाने घरी येणाऱ्या नवऱ्याची बायको मद्यनिषेधाच्या सभेला गेली, तर तिचे काय चुकले? पाब्स्ट यांनाही हे गुत्ते हवे होते, आणि त्यांच्या चरित्रातला हा भाग मला गोड करून सांगता येत नाही. कामगारांचीही तक्रार होतीच. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी मिलवॉकीत संप झाला, त्यात बिअरच्या कारखान्यांतले कामगार सामील होते. त्याच संपात बे व्ह्यू येथील लोखंडाच्या गिरणीपाशी लष्कराने गोळीबार केला आणि माणसे मेली.

आणि तरी ते नाटकगृह. १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर शिकलेसवरलेले पुष्कळ जर्मन मिलवॉकीस आले. त्यांनी गायनमंडळे काढली, व्यायामशाळा काढल्या, वृत्तपत्रे चालवली, आणि गावाला जर्मन अथेन्स हे नाव पडले. पाब्स्ट यांनी तेथले एक नाटकगृह विकत घेऊन जर्मन मंडळींसाठी चालते ठेवले होते. १८९५ च्या जानेवारीत ते जळाले. कॅप्टन त्या वेळी युरोपात होते. त्यांनी तेथूनच तार करून ताबडतोब नवे बांधण्याचा हुकूम सोडला, आणि ओट्टो श्ट्राक या वास्तुशिल्पज्ञाने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पडदा वर जाईल अशी इमारत उभी करून दिली. बशा धुण्यात बालपण गेलेल्या या माणसाला शाळा फारशी लाभली नव्हती. त्याने परमुलखात आपल्या भाषेचे नाटक एक हंगामही बंद पडू द्यायचे नाही असे मनाशी धरावे, याचे मोल आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. राजाश्रयावर नाटके पाहिलेल्या आम्हां लोकांना हा पिंपाश्रय जरा अवघड वाटतो, एवढेच.

व्हाइटफिश बेची ती जागाही ते विसरले नाहीत. जेथे बोट काठाला लागली होती त्याच भागात १८८९ साली त्यांनी सरोवराच्या कड्यावर मोठे उपवन उघडले. शहरातून लोक बोटींनी तेथे जात, बँड ऐकत, आणि बिअर अर्थात कॅप्टनचीच पीत.

१ जानेवारी १९०४ रोजी ते वारले. मरियाबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांना दहा मुले झाली, त्यांतली पाचच मोठी झाली. मुलग्यांनी कारखाना चालवला, पण काळ फिरला. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर जर्मन भाषा हाच अपराध ठरला. जर्मन क्लबाने नाव बदलले. १९१८ साली पाब्स्ट नाटकगृहात शिलरच्या विल्यम टेलचा प्रयोग होऊ नये म्हणून दाराशी मशिनगन आणून ठेवली होती, असे त्या गावचे इतिहासकार लिहितात. पाठोपाठ १९२० साली देशभर दारूबंदी आली, आणि कारखाना चीज करू लागला. १९३३ साली बंदी उठून बिअर परत आली, पण जर्मन भाषा पूर्वीसारखी परत आली नाही. टेकडीवरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. नाटकगृह चालू आहे, नाटके इंग्रजीत होतात.

भाचीने मला कॅप्टनची हवेलीही दाखवली. १८९२ साली पुरी झालेली ही पिवळसर विटांची वास्तू वारसांनी १९०८ साली मिलवॉकीच्या आर्चबिशपांना विकली, आणि १९७५ पर्यंत एकामागून एक पाच आर्चबिशप तेथे राहिले. शिकागोच्या प्रदर्शनात पाब्स्ट बिअरसाठी बांधलेला मंडप प्रदर्शन संपल्यावर उचलून या घराला जोडलेला होता. आर्चबिशपांनी तो पाडला नाही. बिअरच्या मंडपात त्यांनी आपले खासगी प्रार्थनामंदिर केले.