कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की माझ्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर पालकांची गर्दी होते. कोणाजवळ उत्पन्नाचा दाखला असतो, तर बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते. कोणाचे आडनाव शाळेच्या दप्तरात एक आणि रेशनकार्डावर दुसरे असते. आठवीत केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत दरसाल 12,000 रुपये मिळतात, हे समजावून सांगताना पालकांच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास उमटतो आणि मग ते हळू आवाजात विचारतात, की हे पैसे पुढे परत तर करावे लागणार नाहीत ना. हा प्रश्न ऐकला की मला हटकून सयाजीराव महाराज आठवतात. हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा विषय शोधावा लागला नाही तो यामुळेच. आपल्या शहरात त्यांचे नाव इतक्या पाट्यांवर आहे की त्यांचे चरित्र वाचायचे राहूनच जाते.

नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या परिसरात कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या, शेतीवर गुजराण करणाऱ्या शाखेत काशीरावांच्या पोटी 11 मार्च 1863 रोजी गोपाळचा जन्म झाला. गुरेढोरे, शेत आणि भावंडे यांपलीकडे त्या मुलाचे जग नव्हते. इकडे बडोद्यात खंडेराव महाराज 1870 मध्ये निवर्तले. त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या गाजलेल्या प्रकरणानंतर 1875 मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली आणि घराण्यातील मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून दादासाहेब, गोपाळ आणि संपतराव असे तिघे आणले गेले. कशासाठी आलात असे विचारल्यावर राज्य करण्यासाठी आलो असे एकट्या गोपाळने सांगितले, ही आख्यायिका बडोद्यातील प्रत्येक आजीला ठाऊक असते. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव तिसरे झाला.

माझ्यासारख्या शिक्षिकेला या चरित्रात सर्वांत मोलाची वाटतात ती यानंतरची सहा वर्षे. बाराव्या वर्षी या मुलाला लिहितावाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल. आज असा मुलगा कोणत्याही शाळेत आला तर त्याला कोणत्या वर्गात बसवावे, असा पेच आम्हांला पडेल. एफ. ए. एच. इलियट हे सनदी अधिकारी त्याचे शिक्षक नेमले गेले आणि दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकदमच शिकायच्या होत्या. मुलगा चपळ बुद्धीचा नव्हता. तो संथ होता, परंतु चिवट होता, असे त्याच्या शिक्षणाचे वर्णन वाचताना जाणवते. 28 डिसेंबर 1881 रोजी अठराव्या वर्षी राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. उशिरा आणि कष्टाने अक्षर भेटलेल्या माणसाला त्याची किंमत किती वाटते हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने त्यांच्या पुढच्या सत्तावन्न वर्षांचा कारभार पाहावा.

त्या कारभाराचा सर्व विस्तार येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. राजवाडे, रेल्वे, न्यायखाते, 1911 च्या दिल्ली दरबारातील त्यांच्या मुजऱ्यावरून उठलेले वादळ, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षणापुरते बोलायचे तर 1893 मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत त्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मुलांप्रमाणे मुलींनाही सक्ती होती, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. नामदार गोखल्यांनी 1911 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असाच कायदा मागितला, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक फेटाळले गेले. 1890 मध्ये कलाभवन निघाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की रंगशास्त्र, यंत्रशास्त्र यांसारखे विषयही देशी भाषेतून शिकवावेत. मातृभाषेतील शाळा चालवणाऱ्या आम्हां मंडळींना ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटते. पुढे चित्रपटसृष्टीचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून महाराज इतके प्रभावित झाले की 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास आणले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

आता शिष्यवृत्तीकडे येते. सयाजीरावांची शिष्यवृत्ती ही सणावारी वाटलेली दक्षिणा नव्हती. होतकरू तरुणांना ते बाहेर शिकायला पाठवीत आणि परतल्यावर संस्थानच्या कामाला लावीत. खासेराव जाधवांना त्यांनी शेतकीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला धाडले. विठ्ठल रामजी शिंदे यांना कॉलेजच्या शिक्षणात बडोद्याचे साहाय्य होते, आणि 1901 मध्ये ते तुलनात्मक धर्माच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डला निघाले तेव्हा प्रवासखर्चाचा भारही महाराजांनी उचलला. शिंदे परतले ते बडोद्याच्या नोकरीत न जाता. 1906 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. हिशेबाच्या दृष्टीने हा खर्च संस्थानला लागू पडला नाही, असे एखादा खजिनदार म्हणू शकेल.

सयाजीरावांनी कारकिर्दीच्या प्रारंभीच अंत्यजांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढल्या होत्या. तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे 1908 मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांनी हे काम अंगावर घेतले. राजाज्ञेने शाळा निघते, शिक्षक मात्र निघत नाही, हा अनुभव महाराजांना तेव्हाच आला असला पाहिजे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाला, त्या सुमारास त्याचे वडील सुभेदार रामजी यांची ऐपत संपली होती. कृष्णराव अर्जुन केळुसकर या ग्रंथप्रेमी शिक्षकाने मुलाला महाराजांकडे नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. केळुसकरांचे नाव आज फार थोड्यांना आठवते. मला मात्र या प्रसंगात महाराजांइतकेच तेही मोठे दिसतात. शिष्यवृत्ती आणि विद्यार्थी यांच्यामध्ये कोणीतरी हात धरून नेणारे लागते, आणि ते काम बहुधा शिक्षकाचेच असते.

बी. ए. झाल्यावर 1913 च्या जानेवारीत आंबेडकर बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईस परतावे लागले. फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवायचे ठरवले, त्यांत आंबेडकरांची निवड झाली. 4 जून 1913 रोजी करारावर सह्या झाल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. या पैशांतून ते घरी रक्कम पाठवीत, एका वेळच्या अन्नावर दिवस काढीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घेत. तो संग्रह दोन हजारांच्या घरात गेला होता. 1915 मध्ये ते एम. ए. झाले, 1916 मध्ये लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील अभ्यास अर्धवट टाकून 1917 मध्ये कराराप्रमाणे बडोद्यास आले.

पुढचे अकरा दिवस या शहराच्या इतिहासातून पुसता येणार नाहीत. परदेशातून आलेल्या, राजाच्या खर्चाने शिकलेल्या या सव्वीस वर्षांच्या पदवीधराला बडोद्यात राहायला जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून, रोजच्या दीड रुपयाच्या बोलीवर ते उतरले. वरच्या मजल्यावरची एक लहानशी खोली, बाजूला मोडक्या खुर्च्या आणि फळ्यांनी भरलेला दालनाएवढा अंधार, रात्री सोबतीला एक कंदील. हिशेब तपासनिसांच्या कचेरीत शिपाई कागदपत्रे दुरून टेबलावर टाकीत. सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचे उत्तर येईना. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहा-बारा लोक जिन्यावरून वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावले. एक हिंदू स्नेही होता. आंबेडकर घरी आले तर नोकर निघून जातील अशी त्याला भीती होती. दुसरा ख्रिस्ती स्नेही होता. त्याने पत्नीच्या सनातनी वळणाकडे बोट दाखवले. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले.

कमाटी बाग म्हणजे आजची सयाजी बाग. आपल्या शाळेच्या किती सहली तेथे गेल्या असतील! वाघाचा पिंजरा, छोटी रेल्वे, वस्तुसंग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा आम्ही मुलांना दाखवत आलो. ज्या राजाने त्या विद्यार्थ्याला समुद्रापार धाडले, त्याच राजाने प्रजेच्या विरंगुळ्यासाठी ही बाग केली होती, आणि तो विद्यार्थी नगरात कोठेही थारा न मिळून तेथेच बसला होता, हे मीही कितीतरी वर्षे मुलांना सांगितले नव्हते. आता तेथे स्मारकस्थान आहे, आणि सहलीचा पहिला थांबा आम्ही तोच ठेवतो.

येथे महाराजांना दोष द्यावा काय, असे वरच्या वर्गांतील मुले विचारतात. माझे मत असे, की अंशतः द्यावा. साडेअकरा पौंड मंजूर करताना ते जगाचा विचार करीत होते. परतल्यावर तो कोणत्या घरात राहील, याचा विचार दरबारातील कोणी केलेला दिसत नाही, आणि प्रमुखाने ज्याची चौकशी केली नाही ते खालचे लोक करीत नाहीत. मी हे मोठ्या अधिकाराने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गुणी विद्यार्थिनीला परगावच्या महाविद्यालयात प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही मिळाली. मी अर्जावर सही केली, प्रार्थनेच्या वेळी तिचे नाव घोषित केले, टाळ्या झाल्या. दिवाळीनंतर ती घरी परतलेली दिसली. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाच्या शेवटी जमा होणार होती, आणि खोलीचे भाडे दरमहा पहिल्या तारखेला द्यावे लागत होते. तिच्या वडिलांनी माझ्याकडे तक्रार केली नाही. त्यांनी करायला हवी होती. तेव्हापासून अर्जाबरोबर राहण्याजेवण्याची चौकशी करून ती वेगळ्या वहीत लिहून ठेवण्याची पद्धत आम्ही पाडली आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चासाठी माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला विचारायचे तेही त्याच वहीत असते.

आंबेडकरांच्या आयुष्यात बडोद्याचे पर्व असे संपले. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी 1920 मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा स्वतःच्या प्राध्यापकीतील शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य त्यांच्या गाठीशी होते. बडोद्यात लाठ्या घेऊन आलेले आणि मुंबईत कर्ज देणारा, दोघेही एकाच समाजाचे होते, हे मुलांना सांगायला मी विसरत नाही.

सयाजीराव थांबले नाहीत. आंबेडकर बडोदे सोडून गेल्यानंतर काही महिन्यांतच, मार्च 1918 मध्ये, मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. त्या परिषदेपासून आंबेडकर दूरच राहिले. आपल्या राजधानीतील ते अकरा दिवस अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसताना महाराजांच्या मनात होते की नाही, हा विचार मला नेहमी पडतो.

वार्धक्यात संधिवात आणि निद्रानाश यांनी ते जर्जर झाले. वर्षातील पुष्कळ काळ ते परदेशी असत आणि त्यावरून टीकाही होई. तरीही प्रवासात ज्या कारखान्यात, ग्रंथालयात किंवा शाळेत काही नवे दिसे, त्याची टिपणे बडोद्याच्या खात्यांकडे रवाना होत. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ असावे हा त्यांचा जुना मनसुबा नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत सिद्धीस गेला, आणि 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला दिल्लीत संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.