गर्भ गोठवून बाळ जन्माला घातलं, पण समितीनं खोटं ठरवलं, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना न्याय मिळाला मृत्यूनंतर १६ वर्षांनी

जऊळका (प्रतिनिधी), १९ जून, स्मृतिदिन विशेष :

मृग लागला की आपल्याकडे एकच बोलणं असतं. पाऊस किती झाला, वाफसा आला का, सोयाबीन कधी टाकायचं. घरात बियाणं तयार असतं, पण वावर तयार नसलं तर कोणी शहाणा माणूस पेरत नाही. बियाणं जपून ठेवतो आणि वाट पाहतो. हीच साधी गोष्ट एका बंगाली डॉक्टरनं ४५ वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी मूल होत नसलेल्या बाईच्या उपचारात वापरली. त्यांचं नाव डॉ. सुभाष मुखोपाध्याय. काही ठिकाणी मुखर्जी असंही लिहितात. आज त्यांचा स्मृतिदिन.

अकोला, वाशिमकडे जाताना रस्त्यावर टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांच्या पाट्या आता सर्रास दिसतात. बीज गोठवणे, गर्भ गोठवणे असंही त्यावर लिहिलेलं असतं. आपण वाचतो आणि पुढे जातो. त्या पाटीमागं एका माणसाचं सगळं आयुष्य गेलं, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे.

हजारीबागचा मुलगा, दोन पीएचडी

सुभाषबाबूंचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा. हे गाव तेव्हा बिहारात होतं, आता झारखंडात आहे. शिक्षण कलकत्त्यात झालं. १९५५ साली ते एमबीबीएस झाले. दवाखाना टाकून पैसा कमावता आला असता, पण त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. बाईच्या शरीरात बीज कसं तयार होतं, गर्भ कसा राहतो, कोणत्या संप्रेरकानं काय होतं, हा त्यांचा विषय. १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पीएचडी मिळाली. पुढे ते इंग्लंडच्या वरच्या अंगाला स्कॉटलंड आहे, तिथल्या एडिंबरोला गेले आणि १९६७ मध्ये दुसरी पीएचडी घेऊन आले. तिकडेच राहिले असते तर मोठी प्रयोगशाळा मिळाली असती. ते परत आले आणि सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवू लागले.

अडचण काय होती, उपाय काय काढला

बाईच्या गर्भनळ्या बंद असल्या तर बीज आणि शुक्राणू यांची भेटच होत नाही. मग दोन्ही बाहेर काढून काचेच्या बशीत एकत्र करायचे आणि तयार झालेला गर्भ परत पिशवीत सोडायचा, हा टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग. इंग्लंडमध्ये डॉ. स्टेप्टो आणि डॉ. एडवर्ड्स यांनी तो यशस्वी केला. २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली. त्यांनी त्या बाईला बीज वाढवायची औषधं दिली नव्हती. महिन्याला आपोआप तयार होणारं एकच बीज दुर्बिणीनं काढलं होतं.

सुभाषबाबूंची वाट वेगळी होती. त्यांनी इंजेक्शन देऊन एकाच महिन्यात जास्त बीजं तयार केली. ती पोटात दुर्बीण न घालता योनीमार्गातून काढली. पण त्यात एक अडचण असते. ज्या महिन्यात अशी औषधं दिली, त्या महिन्यात गर्भपिशवीचं अस्तर गर्भ धरायला नीट तयार असेलच असं नाही. म्हणजे बी तयार आहे, पण वावर वाफशावर नाही. मग त्यांनी ठरवलं की गर्भ गोठवून ठेवायचे आणि शरीर पूर्ववत झाल्यावर, पुढच्या एखाद्या पाळीच्या चक्रात, ते आत सोडायचे.

गोठवणं म्हणजे काय

हे समजायला ढोराच्या दवाखान्यात जा. गाय माजावर आली की आपण ती भरवायला नेतो. डॉक्टर एका कॅनचं झाकण उघडतात, पांढरी वाफ निघते आणि त्यातून बारीक नळी काढतात. त्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशाचा. त्या नळीतलं वळूचं वीर्य वर्षानुवर्षं खराब होत नाही. माझ्या गोठ्यातल्या दोन कालवडी अशाच झालेल्या. माणसाचं बीज आणि गर्भही आज तसेच ठेवतात.

पण पाणी गोठलं की त्याचा बर्फ होतो, आणि बर्फाचे कण टोकदार असतात. पेशीत पाणी भरपूर. नुसतं थंड केलं तर हे कण पेशीला आतून फाडतात. म्हणून आधी पेशीतलं पाणी कमी करायचं आणि बर्फ होऊ न देणारं औषध त्यात मुरवायचं. सुभाषबाबूंनी त्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड हे रसायन वापरलं. नुसत्या बीजापेक्षा काही पेशींचा झालेला गर्भ गोठवणं सोपं जातं, कारण बीज ही एकच मोठी, पाण्यानं भरलेली नाजूक पेशी असते. म्हणून जगात आधी गर्भ गोठवणं जमलं आणि बीज गोठवणं नंतर.

नवरात्रात आलेली दुर्गा

या कामात त्यांच्यासोबत दोघे होते. थंडीच्या शास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य. गर्भनळ्या खराब असलेल्या एका बाईवर उपचार झाले. तिचा गर्भ ५३ दिवस गोठवलेला होता. मग तो आत सोडला आणि राहिला. ३ ऑक्टोबर १९७८ ला कलकत्त्यात मुलगी झाली. लुईस ब्राऊननंतर अवघ्या ७० दिवसांनी. दिवस दुर्गापूजेचे होते, म्हणून जगाला तिचं नाव दुर्गा असं सांगण्यात आलं.

ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी. आणि गोठवलेल्या गर्भातून जन्मलेली जगातली पहिली. परदेशात असं बाळ जन्मायला १९८४ साल उजाडावं लागलं, तेही ऑस्ट्रेलियात.

समिती बसली

देशानं त्यांना खांद्यावर घ्यायला पाहिजे होतं. झालं उलटंच. सरकारी नोकर असून आधी सरकारला न सांगता बातमी बाहेर दिली, हा पहिला राग. दुसरा राग म्हणजे एवढ्या तुटपुंज्या साधनात हे जमलंच कसं. नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं चौकशी समिती नेमली. समितीत निरनिराळ्या शाखांचे लोक होते, पण माणसाचा गर्भ गोठवण्याचं काम स्वतः केलेलं कोणी नव्हतं. ज्यानं कधी तिफण धरली नाही त्यानं पेरणीची परीक्षा घ्यावी, तसा प्रकार. समितीनं त्यांचा दावा मानला नाही.

पुरावा म्हणून मूल होतं, पण आईबापांना समोर यायचं नव्हतं. त्यांना दोष कसा द्यायचा? मूल असं झालं हे कळलं तर लोक काय म्हणतील, मुलीला काय ऐकावं लागेल, ही भीती. आपल्या गावात आजही हीच भीती आहे. सुभाषबाबूंनी त्या कुटुंबाचं नाव उघड केलं नाही. स्वतः खोटे ठरले, पण पेशंटचा शब्द मोडला नाही.

जपानमधून त्यांना आपलं काम सांगायला बोलावणं आलं. जाण्याची परवानगी मिळाली नाही. मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला. जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. ज्या माणसाचं आयुष्य गर्भाच्या अभ्यासात गेलं, त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात बसवलं. काम हातातून गेलं. १९ जून १९८१ ला कलकत्त्यातल्या घरी त्यांनी आपलं जीवन संपवलं. वय ५० वर्षं. मागं पत्नी नमिता राहिल्या.

इथे थोडं थांबून सांगतो. आपला वाशिम जिल्हा अशा बातम्यांना नवा नाही. मी स्वतः त्या लिहिल्या आहेत. अपमान, कर्ज, एकटेपणा यानं माणूस आतून कोसळत असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतूनही बोलता येतं. सुभाषबाबू आणखी १६ वर्षं थांबले असते तर त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं असतं की ते खरे होते.

मुंबईहून आलेला न्याय

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा नावाची मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. देशातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी म्हणून तिची नोंद झाली. आनंद कुमार हे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते. मान त्यांच्याकडे होता, तो सांभाळून बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं.

पण १९९७ मध्ये विज्ञान परिषदेसाठी ते कलकत्त्याला गेले, तेव्हा सुभाषबाबूंची हातानं लिहिलेली टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती तपासली, त्या काळच्या लोकांशी बोलले. मग त्याच वर्षी करंट सायन्स या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केलं की पहिला मान आपला नाही, सुभाष मुखोपाध्याय यांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारी माणसं थोडी असतात. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनंही सुभाषबाबूंचं काम मानलं. २००३ मध्ये, वयाच्या २५ व्या वाढदिवसाला, दुर्गा स्वतः लोकांसमोर आली.

त्यांच्या आयुष्यावरून सुचलेला एक डॉक्टर की मौत हा तपन सिन्हांचा हिंदी सिनेमा आहे. पंकज कपूर आणि शबाना आझमी आहेत त्यात. जमलं तर पाहा.

आज आपल्यासाठी काय

ज्या पद्धतीला खोटं म्हटलं, तीच आज जगभर चालते. इंजेक्शन देऊन बीजं वाढवायची, योनीमार्गातून काढायची, गर्भ गोठवायचे आणि शरीर तयार झाल्यावर सोडायचे. बीजं आता एका झटक्यात गोठवतात, बर्फ व्हायला वेळच मिळत नाही. कॅन्सरच्या औषधांआधी तरुण मुलींची बीजं अशी राखून ठेवता येतात. मात्र गोठवलं म्हणजे मूल होणारच, असं नाही. बीज काढताना बाईचं वय किती, यावर बरंच अवलंबून असतं.

२०२१ चा कायदाही माहीत असू द्या. केंद्र नोंदणीकृत पाहिजे. उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५०, माणसाचं २१ ते ५५. गर्भ जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतो. दोघांची लेखी संमती लागते. मुलगा की मुलगी हे निवडणं गुन्हा आहे. खर्च लाखांत जातो, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा.

आणि एक गोष्ट कायद्यात नाही, आपल्या हातात आहे. मूल नसलं की आपण आधी बाईकडे बोट दाखवतो. ओटी भरायला तिला बोलवत नाही. दोष पुरुषातही असतो, म्हणून तपासणी पहिल्या दिवसापासून दोघांची करा. दुर्गाच्या आईबापाला लोकांची भीती नसती, तर ते कदाचित समितीसमोर उभे राहिले असते. आपल्या गल्लीतल्या जोडप्याला तशी भीती वाटू नये, एवढं आपण करू शकतो.

सुभाषबाबूंना वाचवायला कोणी आलं नाही. त्यांचं नाव वाचलं ते त्यांनी हातानं लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे, आणि त्या प्रामाणिकपणे वाचणाऱ्या एका माणसामुळे. त्यांच्या स्मृतीला जऊळक्यातून नमस्कार.