प्रश्नाला उत्तर देण्याचा अपराध

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मासिकाच्या संपादकास २०० रुपये दंड झाला. अपराध असा की, वाचकांनी कामजीवनाविषयी पत्राने विचारलेल्या शंकांना त्याने उत्तरे छापली होती. संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे, मासिक होते ‘समाजस्वास्थ्य’ आणि बचावासाठी उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शंका विचारणाऱ्याला विकृत ठरवून गप्प बसवावे, की शास्त्रीय माहिती देऊन त्याचा भ्रम दूर करावा, हा त्या खटल्यातील खरा वाद होता. न्यायालयाने निकाल दिला. वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा. बालवयातच त्यांना मातृवियोग घडला. वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या समाजाने कुटुंबावर बहिष्कार घातला. स्त्रीला माणूस मानण्याची किंमत किती पडते, हे या मुलाने घरातच पाहिले. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, १९१९ साली उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना हा उद्योग मानवला नाही. नोकरी की कार्य, असा पेच पडताच त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली.

१५ जुलै १९२७ रोजी निघालेले ‘समाजस्वास्थ्य’ कर्व्यांनी मरेपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, जवळजवळ एकहाती चालविले. अश्लीलतेचा पहिला दंड, १०० रुपयांचा, १९३१ च्या खटल्यानंतर झाला. तरी मासिक थांबले नाही. पत्नी मालतीबाईंनी अर्थार्जन करून संसार सावरला. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. लोकांना जे सांगायचे ते आधी स्वतःच्या घरात आचरायचे, हा त्यांचा बाणा होता.

कर्व्यांची ओळख केवळ संततिनियमनाचे प्रचारक म्हणून उरली, हा त्यांच्यावर अन्यायच होय. त्यांच्या विचाराचा गाभा स्त्रीपुरुषसंबंधांचा होता. स्त्रीलाही स्वतःची इच्छा आणि सुख असते, मातृत्व तिच्यावर लादता कामा नये, आणि भय व अज्ञान यांवर उभारलेल्या संबंधाला नीती म्हणता येत नाही, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या विवेचनात उणिवा नव्हत्या असे नाही. शरीराचे शास्त्र त्यांनी जितक्या बारकाईने मांडले, तितके मनाचे गुंते मांडले नाहीत. आणि त्यांच्या लेखणीच्या कोरडेपणामुळे सहानुभूती असलेले लोकही दुरावले. पण आदराचा पाया ज्ञान असते, हा त्यांचा मूळ मुद्दा त्यामुळे लंगडा पडत नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. पुढे शासनानेच कुटुंबनियोजनाचा पुरस्कार केला आणि ज्या गोष्टीसाठी त्यांनी नोकरी गमावली ती भिंतीभिंतींवर रंगविली गेली. शासनाने त्यांचे साधन स्वीकारले, विचार मात्र बाजूला ठेवला. २००७ साली शाळांतून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम सुरू होऊ लागताच महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्यास विरोध करून तो रोखला. मुले बिघडतील, हे तेव्हाचे कारण कर्व्यांच्या काळीही दिले जात होते.

मुले प्रश्न विचारायची मात्र थांबत नाहीत. घरी व शाळेत उत्तर मिळाले नाही, तर ते हातातल्या फोनवर मिळते. आणि तेथे स्त्री ही बहुधा केवळ उपभोगाची वस्तू असते. नकार म्हणजे अपमान नव्हे, संमती गृहीत धरता येत नाही, संशय व पाळत म्हणजे प्रेम नव्हे, या गोष्टी कोणत्याही मुलाला उपजत कळत नाहीत. त्या शिकवाव्या लागतात. त्या शिकविल्या नाहीत की एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली मुलींवर हल्ले होतात, आणि मग कडक कायद्याची मागणी करून समाज मोकळा होतो. कायदा गुन्ह्यानंतर येतो. शिक्षण त्याआधी पोहोचले पाहिजे. पालक आणि शिक्षक यांनी मुलांच्या शंकांना न लाजता, न रागावता खरी उत्तरे देण्याचे ठरविले, तर कर्व्यांनी भरलेला तो दंड वाया गेला असे म्हणता येणार नाही.