शिऊरच्या बहिणाबाईंनी मारहाण लपवली नाही

वैजापूर : शिऊरच्या संत बहिणाबाई म्हटलं की तुकोबांची शिष्या एवढंच आठवतं. खान्देशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या खूप नंतरच्या. शिऊरच्या बहिणाबाईंनी घरात खाल्लेला मार मात्र कीर्तनात फारसा कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 1628 चा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊदेव कुलकर्णी, आई जानकी. लग्न झालं तेव्हा वय जेमतेम तीन वर्षं. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक, तिशीतला बिजवर. पुढे भाऊबंदकी आणि कर्जापायी सगळ्या घरानं गाव सोडलं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत मंडळी कोल्हापूरला टेकली.

तिथं दानात मिळालेल्या गाईच्या वासराला बहिणाबाईंचा फार लळा लागला. ते त्यांच्या मागे जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जायचं. स्वामींनी कौतुक केलं, लोक बघायला येऊ लागले. नवऱ्याला ते सहन झालं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला त्यानं बांधून मारलं. आई-वडील त्याच घरात होते, पण मार टळला नाही. गाय-वासरानं चारा सोडला आणि वासरू गेलं.

पुढे तुकोबा स्वप्नात येऊन गुरू झाले. ब्राह्मणाच्या घरात कुणब्याचा गुरू, म्हणून नवरा आणखी भडकला. बाई गरोदर असताना तो घर सोडून निघाला, तेवढ्यात तापानं पडला. बहिणाबाईंनीच त्याची सेवा केली. त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला गेले.

1700 साली शिऊरला देह ठेवण्याआधी त्यांनी हे सगळं अभंगातून सांगून ठेवलं. नवऱ्याला देव मानायच्या त्या काळात त्यांनी मारहाण झाकली नाही. हे आत्मचरित्र मराठीतल्या बाईनं सांगितलेल्या पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक मानलं जातं.

पण ताप येईल आणि नवरा सुधारेल, या भरवशावर आज कुणी बसू नये. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बाईच्या बाजूनं आहे. नुसती मारहाणच नाही, तर शिवीगाळ, टोमणे, जबरदस्ती, पैसे अडवणं हेही हिंसाचारात येतं. सातबारा किंवा घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. महिलांसाठी 181, तातडीच्या वेळी 112. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते.

शेजाऱ्यांनाही खबर देता येते. चांगल्या हेतूनं दिली तर त्यांच्यावर काही बालंट येत नाही. कोल्हापुरात मार चालू होता तेव्हा आजूबाजूला माणसं होतीच. भिंतीपलीकडचा आवाज आजही गावात ऐकू येतो, फोन तेवढा उचलायला हवा.