चौपाटीवर गेलेला बाप



जुहूच्या किनाऱ्यावरचा महात्मा गांधींचा पुतळा आपण येता-जाता पाहतो. १९२४ साली तुरुंगातून सुटल्यावर, शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी ते जुहूलाच राहिले होते. आज मात्र आम्ही त्यांच्या तरुणपणाकडे वळतो.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. विलायतेत ते बॅरिस्टर झाले, दक्षिण आफ्रिकेत वकिली केली आणि १९०२ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात बिऱ्हाड मांडले. तोच दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. सोबत न्यूमोनिया, ताप १०४ पर्यंत, रात्री वातात बरळणे. पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचे सूप सुचवले. शाकाहारी गांधीजींनी ते नाकारले व पाण्याचे उपचार सुरू केले. पण मन खाई. लोक काय म्हणतील? थोरले भाऊ काय म्हणतील? दुसरा डॉक्टर बोलवावा का?

एका रात्री त्यांनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळले. अंग नुसते भाजत होते, घामाचा थेंब नाही. थकलेल्या गांधीजींनी मुलाला कस्तुरबांच्या हवाली केले आणि दहाच्या सुमारास रामनाम घेत ते चौपाटीवर गेले. थोड्या वेळाने धडधडत्या काळजाने परतले, तर मुलगा घामाने निथळत होता! ताप उतरू लागला होता. मग बापलेक दोघेही गाढ झोपले. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेले दूध व फळांचा रस यांवर मुलगा राहिला. नंतर हे कुटुंब आपल्या शेजारी सांताक्रूझला हवेशीर बंगल्यात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मणिलाल १९५६ पर्यंत जगले.

मूल ईश्वरकृपेने बरे झाले, पाण्याने की पथ्याने, हे नक्की सांगता येत नाही, असे गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत मान्य केले. त्या काळी विषमज्वरावर प्रतिजैविके नव्हती, आज आहेत. म्हणून त्यांच्या उपचाराचे अनुकरण नको, डॉक्टरांचेच ऐकावे. घ्यायची ती चौपाटीवरची फेरी. आजारी लेकराला तासभर दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळ्या हवेत जाणे म्हणजे माया कमी होणे नव्हे. थकलेले मन त्यामुळेच पुन्हा उशाशी बसू शकते.

पण कस्तुरबांचे काय? त्या रात्री त्या घरीच बसून होत्या. त्यांच्या मनात काय चालले होते, ते गांधीजींनी लिहिलेले नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा अशाच माता भेटतात. मुलाचा ताप सगळे विचारतात, आईची झोप कुणी विचारत नाही.

शेजाऱ्यांनो, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाल तेव्हा तासभर उशाशी बसण्याच्या तयारीने जा. त्या माउलीला किनाऱ्यावर पाठवा. याईरच्या मुलीला उठवताना प्रभू येशूने गर्दी बाहेर ठेवली, पण बापाबरोबर आईलाही आत नेले. आपणही दोघांची आठवण ठेवू या.

आपले धर्मगुरू